डोळ्यांपुढे अंधारी येते तेव्हा: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

या अंकात भोवळ येऊन पडण्याबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत, गावे तेवढी दिली आहेत. उत्तरांत आमचा एक आग्रह वारंवार दिसेल. माणूस पडला तेव्हा उभा होता, बसला होता की झोपला होता, पडण्याआधीच्या मिनिटाभरात त्याला काय झाले, शुद्धीवर यायला किती वेळ लागला, हे नीट सांगा. भोवळीचे कारण बहुतेक वेळा याच माहितीतून सापडते. तपासण्या त्यानंतर येतात.

प्रश्न: मुलगी नववीत आहे. शाळेत सकाळच्या प्रार्थनेला उभी असताना दोनदा पडली, आणि एकदा लॅबमध्ये रक्त काढताना. दुसऱ्या वेळी तिच्या हातांना झटके आले, असे बाईंनी सांगितले. हा अशक्तपणा की फीट? (एक आई, फोंडा)

उत्तर: तुमच्या वर्णनावरून ही फीट वाटत नाही. तिन्ही प्रसंग भोवळीच्या सर्वांत नेहमीच्या आणि सहसा निरुपद्रवी प्रकारात बसतात.

आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरते. एरवी शरीर हे क्षणात सावरून घेते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाचे ठोके थोडे वाढतात, मेंदूला काही कमी पडत नाही. पण काही जणांत, विशेषतः वाढत्या वयात, बराच वेळ न हलता उभे राहिल्यावर, उकाड्यात, उपाशीपोटी, किंवा सुई नि रक्त पाहिल्यावर नेमके उलटे घडते. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि व्हेगस नावाची नस हृदयाची गती एकदम उतरवते, कधी कधी हृदय काही सेकंद थांबतेसुद्धा. मेंदूचा रक्तपुरवठा ६ ते ८ सेकंद तुटला तरी शुद्ध हरपते. माणूस आडवा झाला की रक्त डोक्याकडे परत येते आणि बहुधा २० सेकंदांच्या आत तो डोळे उघडतो. याला व्हॅसोव्हेगल सिंकोप म्हणतात.

झटक्यांनी घाबरून जाऊ नका. मेंदूला रक्त कमी पडले की साध्या भोवळीतही हातपाय उडतात. असे झटके थोडे आणि अनियमित असतात, बहुधा दहाहून कमी. फीटमध्ये ते तालात येतात, वीसहून जास्त असतात, आणि मिनिट-दीड मिनिट चालतात. फीटमध्ये जीभ कडेला चावली जाते, चेहरा निळसर पडतो, आणि शुद्धीवर आल्यावरही १५-२० मिनिटे माणूस गोंधळलेला असतो. भोवळीत चेहरा पांढराफटक पडतो, अंग घामाने थंड होते, आणि डोळे उघडताच माणूस 'मी कुठे आहे' हे सांगू शकतो. थकवा मात्र तासभर राहू शकतो. डोळे उघडे राहणे किंवा कपड्यात लघवी होणे दोन्हींत घडते, तेव्हा त्यावरून निष्कर्ष काढू नका.

आता करायचे काय? पहिली गोष्ट, सकाळचे खाणे. रिकाम्या पोटी, घोटभर चहावर शाळेत जाणाऱ्या मुली प्रार्थनेला पडतात, यात नवल नाही. घोटभर चहापेक्षा मीठ घातलेली वाटीभर पेज आणि लोणच्याची फोड केव्हाही बरी, कारण पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जातात. घरातून निघण्यापूर्वी दोन मोठे ग्लास पाणी प्यायला सांगा. दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी जायला हवे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाची तक्रार नसेल तर जेवणातले मीठ थोडे वाढवायला हरकत नाही, पण प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

दुसरी गोष्ट तिला शिकवावीच लागेल. पडण्याआधी खूण मिळते: मळमळ, जांभया, कानात गुंई आवाज, नजर अंधूक, एकदम गरम होणे. खूण पटली की पाय एकमेकांवर तिढा घालून उभे राहायचे आणि मांड्या, कुल्ले, पोट घट्ट आवळायचे. सोबत दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोरात बाहेरच्या बाजूला ओढायची. श्वास रोखायचा नाही, चालू ठेवायचा. अर्ध्या मिनिटात रक्तदाब वर येतो आणि बहुतेक वेळा भोवळ टळते. नाहीच टळली तर निदान खाली बसायला किंवा आडवे व्हायला वेळ मिळतो. हे घरी दोन-चार वेळा करून पाहिलेले असले तरच ऐनवेळी सुचते. रांगेत उभे राहिल्यावर गुडघे ताठ न ठेवता टाचा वर-खाली करत राहिले तरी पोटऱ्या रक्त वर ढकलतात. शाळेतल्या बाईंना सांगून ठेवा, की मुलगी 'मला कसेतरी होते' म्हणाली तर तिला चालवत वर्गात नेऊ नका, तिथल्या तिथे आडवी करा. अशी चालत नेलेली मुले जिन्यात कोसळून डोके फोडून घेतात.

रक्त देताना तिला आडवीच ठेवायला सांगा. सुईची भीती असणाऱ्यांत रक्तदाब आधी चढतो आणि मग घसरतो. त्यांनी सुई लागण्यापूर्वी हातपाय आणि पोट १० ते १५ सेकंद आवळावे, २० ते ३० सेकंद सैल सोडावे, आणि असे पाच वेळा करावे.

एकदा ईसीजी आणि हिमोग्लोबिन मात्र करून घ्या. तिच्या वयात हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर पंडुरोग आहे. पाळीत जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, संकोच करू नका.

प्रश्न: जत्रेत किंवा शिगम्याच्या रोमटामेळात (मिरवणुकीत) कोणीतरी भोवळ येऊन पडतो. लोक त्याला उठवून बसवतात, तोंडावर पाणी मारतात, कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल. यातले बरोबर काय? (एक स्वयंसेवक, डिचोली)

उत्तर: यातले सर्वांत घातक आहे ते उठवून बसवणे. माणूस पडला म्हणजे त्याचे डोके हृदयाच्या पातळीवर आले, आणि त्याला नेमके तेच हवे होते. दोन जणांनी बगलेत हात घालून त्याला खुर्चीवर बसवले, की रक्त पुन्हा पायांत उतरते, बेशुद्धी लांबते आणि झटके सुरू होतात. मग 'फीट आली' म्हणून आणखी गोंधळ उडतो. गर्दी इतकी दाट असली की पडायलाच जागा नसते आणि माणूस उभ्याउभ्या लोकांच्या आधाराने बेशुद्ध राहतो, तोही तितकाच धोका.

त्याला पाठीवर सपाट झोपवा. पाय साधारण ३० सेंटीमीटर, म्हणजे फूटभर वर उचला. पिशवी, स्टूल, नाहीतर एखाद्याने टाचा हातात धरल्या तरी चालते. कमरेचा पट्टा, गळ्याचे बटण सैल करा. भोवतीचे लोक मागे हटवा. हे सगळे करतानाच दहा सेकंद छातीकडे बघा, श्वास नीट चालू आहे ना? असेल तर मिनिटभरात तो बोलू लागेल. बोलला तरी १०-१५ मिनिटे आडवाच राहू द्या. मग बसवा, दोन मिनिटांनी उभा करा. लगेच उभे राहणारे पुन्हा पडतात, आणि दुसऱ्यांदा पडताना लागण्याची शक्यता जास्त. पूर्ण शुद्धीवर येऊन स्वतःच्या हाताने ग्लास धरेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. दातखीळ बसली असेल तर चमचा घालून उघडू नका. दात तुटतात, बोटे चावली जातात, आणि फायदा काहीच नाही. गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर वळवा, कारण पाठीवर झोपल्यावर गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब देतो.

कांदा आणि चप्पल याने काही होत नाही. माणूस आडवा असतो म्हणून शुद्धीवर येतो आणि श्रेय कांद्याला जाते.

मिनिट उलटूनही शुद्ध नसेल पण श्वास व्यवस्थित असेल, तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. श्वास नसेल किंवा मध्येच आचके दिल्यासारखा, घोरल्यासारखा असेल, तर ही भोवळ नाही, हृदय थांबले आहे. आचके म्हणजे श्वास नव्हे, इथेच लोक फसतात. १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब द्यायला लागा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देत. दमलात की दुसऱ्याला लावा, पण थांबू नका.

उन्हाळ्यातल्या जत्रांसाठी आणखी एक. अंग तापलेले, माणूस बरळतो किंवा आडवा करूनही भानावर येत नाही, तर तो उष्माघात आहे. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, बगला आणि जांघेत बर्फ ठेवा. रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका, थंड करणे आधी सुरू करा.

प्रश्न: वय ७२. रात्री लघवीला उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा न्हाणीघराच्या दारात पडलो. रक्तदाबाच्या दोन गोळ्या आणि प्रोस्टेटची एक गोळी चालू आहे. (एक ज्येष्ठ नागरिक, मडगाव)

उत्तर: काका, तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. वयोमानाने उठल्यावर रक्तवाहिन्या आवळण्याची क्रिया मंदावते, आणि तुमच्या तिन्ही गोळ्या त्यात भर घालत असाव्यात. टॅमसुलोसिनसारखी प्रोस्टेटची गोळी, लघवी वाढवणारी गोळी, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, काही झोपेच्या आणि नैराश्याच्या गोळ्या, या सगळ्यांनी उठताना रक्तदाब घसरतो. मधुमेह जुना असेल तर रक्तवाहिन्यांना आदेश देणाऱ्या नसाच कमजोर होतात.

घरच्या मशीनवर हे पडताळता येते. पाच मिनिटे आडवे पडा आणि रक्तदाब मोजा. मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. जवळ कोणीतरी उभे असू द्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर निदान झाले. हे सकाळी उठल्याबरोबर करा, कारण त्या वेळी घसरण सर्वाधिक असते. दवाखान्यात दुपारी खुर्चीवर बसवून घेतलेला '१३०-८०' तुमच्या पडण्याबद्दल काहीच सांगत नाही. तीन-चार दिवसांचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांकडे न्या. गोळीची वेळ किंवा मात्रा तेच बदलतील. स्वतःहून गोळी बंद करू नका, त्यात पक्षाघाताचा धोका आहे.

तोवर उठताना आधी उशाशी ठेवलेले ग्लासभर पाणी प्या. खाटेच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटे बसा आणि घोटे वर-खाली हलवा. मगच उभे राहा, आणि एक मिनिट खाट धरून थांबा. लघवी बसून करा. न्हाणीघराला आतून कडी घालू नका. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटीमीटर उंचीचे लाकडी ठोकळे ठेवले तर रात्रभर शरीर किंचित उतारावर राहते, रात्रीची लघवी कमी होते आणि सकाळची घसरणही. उशा वाढवून हे साधत नाही, त्याने फक्त मान मोडते. भरपेट भात जेवल्यावर तास-दोन तासांत अंधारी येत असेल तर थोडे थोडे, अधिक वेळा जेवा.

शौचाला डांबरासारखे काळे होत असेल तर मात्र त्याच दिवशी इस्पितळात जा. सांधेदुखीच्या गोळ्या किंवा अॅस्पिरिनमुळे पोटात रक्तस्राव होतो, आणि त्याची पहिली खूण कधी कधी हीच अंधारी असते.

प्रश्न: एप्रिलमध्ये मित्रांसोबत हुर्राक (काजूची दारू) घेतल्यावर मध्यरात्री लघवी करतानाच पडलो. वय ३४. (पेडणे)

उत्तर: दारूने रक्तवाहिन्या सैलावतात, लघवी वाढून शरीरातले पाणी घटते, उबदार अंथरुणातून तुम्ही एकदम उभे राहता, आणि भरलेले मूत्राशय रिकामे होताना रक्तदाब आणखी उतरतो. चार कारणे एकाच वेळी. पिणे कमी करा, घेतलीच तर सोबत तितकेच पाणी प्या, रात्री बसून लघवी करा. न पिताही असे झाले तर ईसीजी काढा.

प्रश्न: माझा मुलगा १७ वर्षांचा. फुटबॉलच्या सामन्यात चेंडूमागे धावता धावता तोंडावर आपटला. मिनिटाभरात उठला आणि पुन्हा खेळायला निघाला. प्रशिक्षक म्हणाले, पाणी कमी पडले. आम्ही इतके मनावर घ्यावे का? (एक वडील, म्हापसा)

उत्तर: घ्यावे, आणि आजच. पूर्ण तपासणी होईपर्यंत त्याने मैदानात, पोहायला, जिममध्ये कुठेही जाऊ नये. या अंकातल्या सगळ्या पत्रांत आम्हाला काळजी वाटली ती तुमच्या पत्राची.

धावणे थांबवून उभा राहिल्यावर पडला असता, तर आम्ही इतके घाबरलो नसतो. जोरात धावून एकदम थांबले की पोटऱ्यांची हालचाल बंद होते, रक्त पायांत साचते आणि भोवळ येते. पण धावत असताना, पूर्ण वेगात, कोणतीही खूण न मिळता पडणे म्हणजे, तपासून दुसरे काही सिद्ध होईपर्यंत, कारण हृदयात आहे असेच धरायचे. तोंडावर आपटला, हात पुढे टाकायलाही वेळ मिळाला नाही, हेही त्याच बाजूला जाते.

या वयात कारणे तीन प्रकारची असतात. हृदयाचा स्नायू आनुवंशिक दोषामुळे जाड होतो आणि जोर लागला की रक्त बाहेर पडायला अडचण होते. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी चुकीच्या जागेवरून निघते आणि दाबली जाते. किंवा हृदयाची रचना ठीक असते पण विजेच्या प्रवाहात दोष असतो, त्यामुळे श्रमात किंवा दचकल्यावर ठोके बेताल होतात. 'लाँग क्यूटी' हा असा एक दोष आहे. त्याच्या एका प्रकारात माणूस पोहताना बेशुद्ध होतो, आणि लोकांना वाटते की पोहता येत नव्हते म्हणून बुडाला.

म्हणून घरातल्या मोठ्यांना विचारा: दोन्हीकडच्या नात्यांत चाळिशीच्या आत कोणी अचानक गेले का? पोहता येणारे कोणी बुडाले का? लहान बाळ झोपेत गेले का? ही उत्तरे लिहून न्या. आधी १२ लीडचा ईसीजी आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ईसीजी 'नॉर्मल' आला म्हणून थांबू नका, कारण चुकीच्या जागेवरून निघालेली धमनी ईसीजीत दिसत नाही. इको करणाऱ्याला 'धावताना पडला' हे स्पष्ट सांगा, म्हणजे तो धमन्यांची मुळे मुद्दाम पाहील. त्यानंतर हृदयविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ट्रेडमिल चाचणी. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) हृदयविकार विभाग आहे, तिथे जाताना जवळच्या आरोग्य केंद्राची चिठ्ठी आणि पडल्याच्या दिवशीची हकीकत सोबत ठेवा. मुलात दोष सापडला तर भावंडांची आणि तुमचीही तपासणी लागेल.

१२ जून २०२१ रोजी युरो स्पर्धेत डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मैदानावर कोसळला, हे तुमच्या मुलाने नक्की पाहिले असेल. त्याचे हृदय थांबले होते. तिथल्या तिथे छातीवर दाब आणि विजेचा धक्का मिळाला, पुढे छातीत यंत्र बसवले, आणि २०२२ मध्ये तो पुन्हा खेळू लागला. योग्य उपचारानंतर काही खेळाडू परततात. मुलगा चिडेल, हट्ट करेल, तेव्हा त्याला हे सांगा. आणि तुमच्या क्लबला सांगा, की मैदानावर छातीवर दाब देता येणारी दोन माणसे प्रत्येक सामन्याला हवीत.

प्रश्न: नवरा मोटारसायकल पायलट आहे, भाड्याने प्रवासी नेतो. सिगारेट ओढतो. खोकल्याची उबळ आली की चार-पाच सेकंद डोके टेकवतो, एकदा स्टँडवर बसल्याबसल्या बाजूला कलंडला. (वास्को)

उत्तर: जोराच्या उबळीने छातीतला दाब इतका वाढतो की हृदयाकडे परत येणारे रक्त अडते. काही सेकंदांत शुद्ध जाते आणि तितक्याच झटपट परत येते, त्यामुळे त्यांना स्वतःला 'मी बेशुद्ध झालो' हे पटतही नसेल. उबळ आटोक्यात येईपर्यंत गाडी चालवू नये. मागे प्रवासी बसलेला असतो, तेव्हा यात सवलत नाही. सिगारेट सोडणे हाच मुख्य उपचार. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा. रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल ही रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. तिने कोरडा खोकला येतो, आणि ती बदलता येते.

प्रश्न: सासूबाई मधुमेही आहेत. बेशुद्ध झाल्या तर साखर तोंडात घालावी का? (काणकोण)

उत्तर: शुद्धीत असून घाम, थरथर, असंबद्ध बोलणे असेल तर आधी ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात देऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. मशीन नसेल तर साखर द्या, थांबू नका. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही नको. कुशीवर वळवा आणि १०८ बोलवा. साखर उतरून आलेली बेशुद्धी आडवे केल्याने जात नाही, हा तिच्यातला आणि साध्या भोवळीतला फरक.

प्रश्न: बायको गेल्या वर्षात तीनदा पडली. मेंदूचा सीटी स्कॅन, एमआरआय, ईईजी, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, सगळे नॉर्मल. खर्च झाला, कारण कळले नाही. आता पुढे? (साखळी)

उत्तर: तुम्ही सांगितलेल्या चारही तपासण्या मेंदूच्या आणि मानेच्या आहेत. साध्या भोवळीत त्यांतून क्वचितच काही मिळते. तपासायचे ते हृदय आणि रक्तदाब. ईसीजी, आडवे आणि उभे असतानाचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर आणि इको यांपासून पुन्हा सुरुवात करा.

२४ तास ठोक्यांची नोंद घेणारे होल्टर यंत्र लावायचा आग्रह धरू नका. वर्षात तीनदा येणारी भोवळ नेमक्या त्याच दिवशी येईल, ही शक्यता नगण्य. अशा वेळी छातीच्या कातडीखाली बसवायचा लूप रेकॉर्डर उपयोगी पडतो, तो दोन-तीन वर्षे ठोक्यांची नोंद ठेवतो. ठोके मध्येच थांबताना सापडले तर पेसमेकरचा निर्णय होतो. टिल्ट टेबल चाचणीत रुग्णाला टेबलाला बांधून ६० ते ७० अंशांत उभे करतात आणि २० ते ४५ मिनिटे नाडी-रक्तदाब पाहतात. पहिल्या उत्तरातली भोवळ असेल तर ती इथे डोळ्यांसमोर घडते.

आणि पुढच्या भेटीला, तिला पडताना ज्याने पाहिले त्याला सोबत न्या. तीन प्रसंगांची तीन टिपणे करा: वेळ, जागा, त्या क्षणी ती काय करत होती, किती वेळ उभी होती, शेवटचे कधी जेवली, कोणत्या गोळ्या चालू होत्या, पाळी चालू होती का, छातीत धडधड झाली का, चेहरा पांढरा पडला की निळा, किती सेकंदांत बोलली, कुठे लागले. एखादा प्रसंग दुकानात घडला असेल तर तिथल्या सीसीटीव्हीचे चित्रण मागा, बऱ्याच दुकानांत काही दिवसांनी ते आपोआप पुसले जाते. चौथ्यांदा असे झाले तर आधी तिला आडवी करा, श्वास पाहा, आणि मग घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. तोपर्यंत तिने स्कूटर चालवू नये, विहिरीवर एकटीने जाऊ नये आणि माळ्यावर चढू नये.